बिब्ब्याच्या तीन फुल्या

आमच्या फ्रिजवर महिनाभर एक कवटी होती. खरी नव्हे. फुगा फुगवून त्यावर वर्तमानपत्राचे तुकडे खळीने चिकटवून मुलीने ती केली होती आणि उजव्या बाजूला नाण्याएवढं भोक मुद्दाम ठेवलं होतं. मुलगी इथल्या भारतीय शाळेत अकरावीला आहे. शाळेच्या प्रदर्शनात तिच्या गटाला अश्मयुगातले औषधोपचार हा विषय मिळाला होता. फ्रिजच्या वर ऊब असते, तिथे खळ लवकर वाळते, असं तिचं म्हणणं. स्वयंपाकघरात माणसाचं डोकं नको, असं तिच्या आईचं म्हणणं. दोघींचंही बरोबर होतं, त्यामुळे कवटी तिथेच राहिली आणि तिच्यावर एक ताटपुसणं टाकण्यात आलं.

त्याच महिन्यात माझा उजवा पाय दुखायला लागला.

मी सौदीत बुरैदाला खजुराच्या शीतगृहात भांडार सांभाळतो. माल किती आला, किती गेला आणि ठेवल्या ठेवल्या वजनात किती घटला, हे सांगणं माझं काम. दुखणं कमरेत सुरू व्हायचं, मांडीच्या मागून उतरायचं आणि पायाच्या अंगठ्याशी संपायचं. बसलं की जास्त, उभं राहिलं की थोडं कमी, आडवं पडलं की विचार करायला सवड मिळाल्यामुळे पुन्हा जास्त.

सरकारी इस्पितळात एक मराठी डॉक्टर आहेत, मूळचे मराठवाड्यातले. त्यांनी कमरेचा फोटो काढायला लावला आणि तो उजेडासमोर धरून म्हणाले, "मणक्यामधली चकती सरकलीय. तिने नस दाबलीय. गोळ्या घ्या, सांगतो तो व्यायाम करा, वजन उचलू नका. बहुतेकांचं एवढ्यावर भागतं."

"बहुतेक म्हणजे किती?" मी विचारलं.

"बहुतेक म्हणजे तुम्ही धरून."

हे उत्तर नव्हतं, पण मी ते घेतलं. त्यांनी आणखी दोन गोष्टी बजावल्या. मला मधुमेह आहे, त्यामुळे कुणी काहीही सांगितलं तरी अंगावर कुठे भाजून घ्यायचं नाही. आणि पायाचा अंगठा वर उचलायचा बंद झाला, तर त्याच दिवशी यायचं, दुसऱ्या दिवशी नाही.

भाजून घेण्याचं त्यांनी उगाच सांगितलं नव्हतं. इकडे सळई तापवून डाग देण्याचा उपाय फार जुना आहे. त्याला कय्य म्हणतात. आमचा कफील, म्हणजे शीतगृहाचा मालक, साठीचा माणूस आहे. अमेरिकेत शेतकी शिकून आलेला. त्याच्या पोटावर लहानपणच्या काविळीचे डाग आहेत आणि डाव्या पायात परदेशात बसवलेला धातूचा गुडघा आहे. गुडघा बसवल्यावरही त्याने वर एक डाग देऊन घेतला होता.

"मग गुण कशाने आला?" मी त्याला विचारलं होतं.

"दोन्हींनी," तो म्हणाला. "तू नेहमी वजाबाकी करतोस, हाजी. कधीतरी बेरीज कर."

मी लंगडतोय हे पाहिल्यावर त्याने ताबडतोब निदान केलं. हे दुखणं त्याच्या वडिलांना झालं होतं, चुलत्याला झालं होतं, हायल गावच्या मेव्हण्याला झालं होतं. हफ्र अल बातिन शहराच्या बाहेर एक म्हातारा आहे. तो टाचेच्या वर, घोट्याच्या बाजूला एकच डाग देतो. माणूस लंगडत जातो आणि चालत येतो.

"मला साखर आहे, शेख."

"चुलत्यालाही होती."

"चुलते आता कसे आहेत?"

"वारले. पण पाय शेवटपर्यंत चांगला होता."

मी घरी येऊन हे सांगितलं. मुलगी कवटीला दात बसवत होती. तिने मान वर न करता सांगितलं की डाग देणं, टोचणं, भोक पाडणं हे सगळं अश्मयुगापासून आहे आणि त्यातलं बरंच यशस्वी झालेलं आहे.

"कशावरून?"

"अब्बा, होल के एजेस देखो." तिने भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. खऱ्या कवट्यांमध्ये काहींच्या भोकाची कड गुळगुळीत आणि गोल झालेली असते. म्हणजे भोक पाडल्यावर हाड पुन्हा वाढलं, म्हणजे माणूस जगला. काहींची कड तशीच धारदार असते. तो जगला नाही.

"किती कवट्यांपैकी किती गुळगुळीत?"

"इट्स नॉट युवर खजूर, अब्बा."

पण मला ती पद्धत आवडली. मालकाकडे फक्त बऱ्या झालेल्या मेव्हण्यांची माहिती होती. जे बरे झाले नाहीत ते सांगायला येत नाहीत, मालकाच्या बैठकीत, मजलिसमध्ये, बसून कॉफी पीत नाहीत. जमिनीत पुरलेली हाडं मात्र दोन्ही प्रकारची सापडतात. अश्मयुगातल्या वैद्याचा हिशेब आमच्या मालकापेक्षा चोख निघत होता, तोही त्याने न ठेवता.

गोळ्यांनी फरक पडेना. हंगाम तोंडावर आला होता. हंगामात मला काट्याजवळ उभं राहावं लागतं, गाड्यांच्या मागे चढावं लागतं. मालकाने तिसऱ्यांदा विचारलं, आणि या वेळी स्वतः गाडी चालवत नेतो म्हणाला. चार तासांची वाट. मालक स्वतः नोकराला घेऊन जातो म्हणतो तेव्हा नाही म्हणणं इथे अवघड असतं. शिवाय खरं सांगायचं तर मी इतका कंटाळलो होतो की घोट्यावरचा एक डाग मला फारसा मोठा वाटेनासा झाला होता. मी मनाशी ठरवलं की जायचं, दाखवायचं आणि सळई जवळ आली की साखरेचं कारण पुन्हा एकदा सांगायचं. बायकोला मी हे जसंच्या तसं सांगितलं.

ती म्हणाली, "सळई जवळ आल्यावर तुम्ही सांगणार, आणि तो ऐकणार."

"ऐकेल."

"चार तास गाडी हाकून आणलेला माणूस असाच परत नेईल तो?"

तिने गावी तिच्या आईला फोन लावला. आमचं गाव रत्नागिरीच्या किनाऱ्याला आहे. सासूबाईंना ऐकू कमी येतं, त्यामुळे त्यांचं उत्तर मलाही पलंगावर पडल्या पडल्या ऐकू आलं. बिब्बा घाल म्हणाल्या. तिच्या बापाची कंबर बिब्ब्यानेच सुटली होती.

बिब्बे आमच्या घरात होते. बायको दर खेपेला गावाहून चार-पाच आणते. आजवर कधी वापरले नव्हते, पण असावेत म्हणून तिखटमिठाच्या कपाटात एका बाटलीत असतात. मी तिला आठवण करून दिली की डॉक्टरांनी भाजून घ्यायला मनाई केली आहे.

"बिब्बा म्हणजे भाजणं नव्हे," ती म्हणाली. "भाजतात तो बिब्बा. तुम्हाला कुठे भाजतेय मी?"

मी यावर विचार केला. शब्दशः पाहता तिचं बरोबर होतं. मी पालथा झालो.

तिने बिब्ब्यात सुई खुपसली, तो गॅसवर धरला, आणि सुईवर उतरलेल्या काळ्या तेलाने माझ्या कमरेवर, जिथे जास्त दुखत होतं तिथे, एकाखाली एक अशा तीन फुल्या काढल्या. तिचा हेतू साफ होता. आम्हाला निघायला अजून चार-पाच दिवस होते. तेवढ्यात गुण आला असता तर मला हफ्रला जायचं कारण उरलं नसतं. परक्या माणसाने पाय जाळण्यापेक्षा घरच्या माणसाने कमरेवर तीन फुल्या काढलेल्या बऱ्या, असा तो हिशेब होता आणि त्यात मला चूक दिसली नाही.

गुण आला नाही. बिब्बा उतला. आधी खाज सुटली, मग फुल्या फुगल्या, मग त्यांना पाणी सुटलं. जिथे तीन फुल्या होत्या तिथे एक लांबट जखम झाली. बायकोने खोबरेल लावलं. पाय होता तसाच दुखत होता, पण आता त्याच्याकडे माझं पूर्ण लक्ष नव्हतं.

ठरल्या दिवशी सकाळी मालक आला. बसल्याने जे दुखतं त्याच्या इलाजासाठी चार तास बसायचं होतं. त्याने सीट मागे पाडून दिली, थर्मासमधून कॉफी दिली आणि वाटेत त्याच्या वडिलांचं दुखणं पहिल्यापासून सांगितलं. बिब्ब्याचं मी त्याला बोललो नाही. विषय निघाला नव्हता.

हफ्रच्या बाहेर एका आवारात गालिचे टाकलेले होते. सात-आठ माणसं बसली होती. एका कोपऱ्यात गॅसची शेगडी आणि तिच्यावर वेगवेगळ्या टोकांच्या सळया. म्हातारा हसतमुख होता. त्याने मला पालथं झोपवलं, पाय चाचपला, कुठे दुखतं ते बरोबर ओळखलं आणि कंबर बघायला सदरा वर केला. मग तो थांबला.

"हे कोणी केलं?"

मालक पुढे वाकून बघू लागला.

"हाजी," मालक म्हणाला, "तू आधीच दुसऱ्याकडे जाऊन आलास?"

"दुसऱ्याकडे नाही. बायकोने."

"तुझी बायको कय्य देते?"

"कय्य नाही. एक बी असते. तिचं तेल."

म्हाताऱ्याने जखमेजवळ नाक नेऊन वास घेतला आणि मान हलवली. एका अंगाला एका वेळी एकच आग, असा त्याचा नियम होता. पहिली विझल्याशिवाय तो दुसरी लावत नसे. हे वाळू दे, मग ये, म्हणाला. साखरेचं कारण सांगायची वेळच आली नाही. आम्हाला खजूर आणि कॉफी मिळाली. इतर माणसांनी माझ्या कमरेची चौकशी केली आणि एकाने त्या बीचं नाव लिहून घेतलं.

परतीच्या वाटेवर मालकाने थर्मास उघडला नाही. त्याला वाईट वाटलं होतं. माझ्या दुखण्याचं नव्हे, तर मी त्याच्या पाहुण्यासारखा निघालो आणि घरूनच जेवून आलो, याचं. मध्ये पेट्रोल भरायला थांबलो. मी उतरून मशिदीकडे, नमाजाआधी हातपाय धुवायच्या वजूच्या नळांकडे निघालो. मागून त्याची हाक आली.

"हाजी, तुझी चप्पल."

मी मागे पाहिलं. माझी उजवी चप्पल गाडीपासून थोड्या अंतरावर पडली होती. मी तिच्याशिवाय बराच पुढे आलो होतो. जमीन दुपारची तापलेली होती आणि अनवाणी पायाला ते समजलं नव्हतं. मी उभ्या उभ्या डाव्या पायाचा अंगठा उचलला. उचलला गेला. उजव्याला तेच सांगितलं. तो खाली बघत राहिला.

मालकाने चप्पल आणून माझ्यासमोर ठेवली. मी त्याला सांगितलं, "डॉक्टर म्हणाले होते, अंगठा उचलेना झाला तर त्याच दिवशी या."

त्याने माझ्या पायाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "यल्ला," म्हणाला. वजू राहिलं, नमाज त्याने मला गाडीत बसूनच पढायला सांगितली. त्या दिवशी त्याने गाडी ज्या वेगाने चालवली तो आकडा मला दिसत होता. मी तो इथे देत नाही.

इस्पितळात मराठी डॉक्टर ड्यूटीवर होते. मी वाटेतून फोन केला होता, त्यामुळे बायको आणि मुलगी टॅक्सीने आल्या होत्या. डॉक्टरांनी माझा अंगठा आपल्या बोटाने खाली दाबून वर उचलायला सांगितलं. ताकद मोजायची त्यांची एक पट्टी असते, शून्यापासून पाचापर्यंत. शून्य म्हणजे काहीच हालचाल नाही, पाच म्हणजे निरोगी माणूस. माझी एक निघाली. एक म्हणजे स्नायू नुसता थरथरतो, काम करत नाही. मला ही पट्टी लगेच पटली. इतके दिवस दुखणं होतं, आता आकडा होता.

ऑपरेशन लवकर करायला हवं, त्यांनी सांगितलं. नस जितका वेळ दाबलेली राहील तितकी कमी परत येईल. त्यांनी सर्जनला बोलावलं. सर्जन तरुण सौदी बाई होत्या. त्यांनी मला कुशीवर वळवलं, सदरा वर केला आणि इंग्रजीत विचारलं, हे काय आहे.

मराठी डॉक्टर जवळ आले. पाहिलं.

"बिब्बा?" ते मराठीत म्हणाले.

"हो."

"घरचा?"

"हो."

ते स्टुलावर बसले. मग त्यांनी सर्जनबाईंना ते सगळं इंग्रजीत समजावलं. समजावायला वेळ लागला, कारण दर वाक्यानंतर त्या "का?" असं विचारत होत्या. शेवटी सर्जनबाईंनी हातमोजा घातलेलं बोट माझ्या कमरेवर ठेवून छेद कुठे घ्यायचा ते दाखवलं. बोट मधल्या फुलीवर होतं. बायकोने जागा अचूक निवडली होती.

उघड्या, पाणी सुटलेल्या जखमेतून मणक्यापर्यंत जाता येत नाही. त्यात मला साखर. आत जंतू गेले तर पायापेक्षा मोठं काही जाईल. कातडी कोरडी होईपर्यंत थांबायचं आणि तोवर अंगठ्यावर रोज नजर ठेवायची. ताकद एकवरून शून्यावर आली तर धोका पत्करून कापायचं.

"म्हणजे," बायकोने मराठी डॉक्टरांना विचारलं, "मी ते लावलं नसतं तर आजच झालं असतं?"

"उद्या सकाळी," डॉक्टर म्हणाले. ते सरळ माणूस आहेत.

मालक दाराशी उभा होता. त्याने मला अरबीत विचारलं की डॉक्टर माझ्या बायकोला काय म्हणाला. मी सांगितलं. तो म्हणाला, "तिला सांग, तिने लावलं नसतं तर आज तुझ्या पायावर माझी आग असती. ती मी लावली असती." मी तिला सांगितलं. तिने डोक्यावरची ओढणी सारखी केली आणि खाली ठेवलेली माझी चप्पल उचलून पिशवीत घातली.

मला भरती करून घेतलं. कातडी वाळण्याची वाट बघण्याइतकं सावकाश काम मी आजवर पाहिलं नव्हतं. नर्स रोज पट्टी बदलायची. अंगठ्याची ताकद एकच राहिली. मुलगी शाळेतून येऊन माझ्या पलंगाशी प्रदर्शनाचे तक्ते रंगवायची. एकदा तिने विचारलं, "अब्बा, मान लो हजार साल बाद किसी को आपका स्केलेटन मिला. क्या दिखेगा?"

मी म्हणालो, मणक्याचं हाड थोडं कापलेलं दिसेल.

"कड गुळगुळीत?"

"कातडी वाळली तर."

हफ्रचा म्हातारा दिसणार नाही, चार तासांची वाट दिसणार नाही, तिच्या आईच्या फुल्या तर मुळीच दिसणार नाहीत, कारण त्या कातडीवर होत्या. आमच्या काळात कमरेवर एकच उपाय होता आणि तो लागू पडला, असं तो शोधणारा लिहील. मग अश्मयुगातल्या लोकांनीही भोक पाडण्याआधी कातडीवर काय काय करून पाहिलं असेल, आणि त्यांच्यापैकी कुणाची बायको जवळ बसून गप्प राहिली असेल, ते त्या कवट्यांवरून कळायला मार्ग नाही. हे मी मुलीला सांगितलं. तिने ते तक्त्यावर घेतलं नाही. जागा नव्हती, म्हणाली.

कातडी वाळली. ऑपरेशन झालं. शुद्धीवर आल्यावर पायातलं दुखणं गेलं होतं. इतकं पूर्ण गेलं होतं की मी काही वेळ ते शोधत राहिलो. अंगठा मात्र एकवरच होता. घरी जाताना दोन झाला. मालकाने मला त्या हंगामात काट्याजवळ खुर्ची दिली आणि गाडीवर चढायला दुसरा माणूस दिला. पाय जमिनीवर थोडा आपटत पडायचा, त्यामुळे मी येतोय हे शीतगृहात सगळ्यांना आधीच कळायचं आणि हमाल सरळ उभे राहायचे. काम सुधारलं.

तीन व्हायला वेळ लागला. चारला येऊन अंगठा थांबला. शेवटच्या तपासणीला बायको बरोबर आली होती. तिने डॉक्टरांना विचारलं की त्याच दिवशी ऑपरेशन झालं असतं तर पाच आला असता का.

"सांगता येत नाही, ताई."

"साधारण?"

"काहींचा लगेच करूनही चारच येतो. काहींचा उशीर होऊनही पाच येतो."

मी तोंड उघडलं. काहींपैकी किती, हे मला विचारायचं होतं. बायकोने माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या लक्षात आलं की तिला तो आकडा नको आहे. मी पाणी मागितलं.

ती आता रोज सकाळी, चहा झाल्यावर, माझ्या पायाशी बसते. डॉक्टरांनी केलं तसंच करते. बोटाने अंगठा खाली दाबते आणि म्हणते, "उचला." मी उचलतो. ती आकडा सांगते आणि उठते. आजवर रोज चार सांगत आली. गेल्या आठवड्यात तिने जरा जास्त वेळ दाबून धरलं आणि म्हणाली, "साडेचार."

"त्यांच्या पट्टीत साडेचार नसतो," मी म्हणालो.

"त्यांच्या नसेल," ती म्हणाली आणि डावा पाय पुढे करायला सांगितला, ताडून बघायला.